शेरा : खोली बंद

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिण्याची सवय कुणालाच नाही. वडील पवईच्या एका ऑफिसच्या गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात, तेवढंच. आई किराण्याची यादीसुद्धा तोंडी सांगते. मी भूगोल घेऊन बीए झालो, घरातला पहिला. त्यामुळे मला चार ओळी नीट लिहिता येतात असा वस्तीत समज आहे. माझाही होता. पण आजवर मी मनापासून लिहिलेली एकच गोष्ट म्हणजे तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प, आणि त्यातल्या एका ओळीमुळे शेजारच्या काकांची खोली गेली. अशा माणसाने पुन्हा पेन उचलावं का, मला माहीत नाही. उचललंय, कारण ती ओळ माझी होती हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. सरकारी कागदावर ती दुसऱ्याच्या सहीने आहे.

प्रकल्पाचा विषय सगळ्या वर्गाला एकच होता : माझ्या विभागाचा भूगोल, लोकसंख्या आणि इतिहास. बहुतेकांनी एकमेकांच्या फाइली उतरवल्या आणि गावांची नावं बदलली. भांडुपच्या एका फाइलमध्ये समुद्रकिनारा राहून गेला होता. मॅडमनी तो भर वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, "भांडुपच्या चौपाटीवर भेळ चांगली मिळते का रे?" मी हसलो, पण घाबरलोही. आमच्या डोंगराबद्दल उतरवून काढायलासुद्धा कुठे काही नव्हतं. घाटकोपर पश्चिमेला गेलात तर रस्ता संपतो तिथून आमचा डोंगर सुरू होतो. खालून बघणाऱ्याला तो डोंगर दिसतच नाही, निळ्या ताडपत्र्या आणि पत्रे दिसतात. आम्ही वरून बघायचो तर पूर्वेला खाडीची पांढरी रेघ, उत्तरेला पवईचे उंच टॉवर, पश्चिमेला साकीनाक्यावरून खाली उतरणारी विमानं. एवढं सगळं दिसणाऱ्या जागेचं वर्णन कुणीच केलेलं नाही याचं मला फार वाटलं. म्हणून मी ठरवलं की आपल्या गल्लीपुरतं तरी दार न् दार मोजायचं.

इतिहासासाठी मी काकांकडे गेलो. आमच्या खोलीची आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच. ते सिंधुदुर्गातले. तरुणपणी गिरणीत लागले, परळला गाळ्यात पथारी टाकून राहिले, लग्न झाल्यावर बिऱ्हाडाला जागा हवी म्हणून हा डोंगर चढले. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नव्हतं. काका पन्नास वर्षं मुंबईत राहूनही बोलायचे मालवणीतच, आणि समोरच्याला कळतंय की नाही याची फिकीर करायचे नाहीत.

"काय रे झिला, नकाशो काढतंस? डोंगराचो?"

"हो काका. कॉलेजचं आहे."

"मगे चप्पल घाल. घरात बसान डोंगर दिसता काय?"

असं म्हणून त्यांनी मला तीन रविवार फिरवलं. गुडघे दुखायचे त्यांचे, पण पायऱ्यांवर ते माझ्यापुढे असायचे. खालची दगडाची खाण बंद झाल्यावर पहिली वीसेक कुटुंबं कशी आली ते त्यांनी सांगितलं. पायऱ्या आधी नव्हत्याच. रविवारी गिरणीला सुट्टी, तेव्हा पुरुष पहार घेऊन खडक फोडायचे आणि बायका पाट्या भरायच्या. एकेका टप्प्यावर थांबून ते सांगत होते, ही पायरी अमक्याने खणली, त्याचा अंगठा गेला यात. ही सरळ नाही, कारण त्या दिवशी शिमगा होता आणि खणणारे सरळ नव्हते. पाणी खालच्या नळावरून यायचं. काकू दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढायच्या. "अर्ध्या वाटेर थांबाची नाय. थांबली तर मागच्या बायका शिये घालीत," हे सांगताना ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. शिव्या कोणत्या तेही विचारलं. ते म्हणाले, "त्यो कॉलेजात चलाचे नाय."

गिरणीची एक गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली होती. त्यांच्या खात्यात गावचाच एक माणूस होता. नोकरीला लागताना त्याने कागदावर वय चुकीचं लिहिलं होतं. दहा वर्षांनी दुसऱ्या कशासाठी तरी त्याने खरं वय लिहून दिलं. दोन कागद जुळेनात. साहेबाने त्याला बोलावून त्याचं कार्ड काढून घेतलं आणि गेटाबाहेर काढलं. "लिवलेला बदलूचा नाय," काका म्हणाले. "एकदा लिवलास की लिवलास. बदललास की कार्ड गेला." मला ती गोष्ट इतिहासाच्या कामाची वाटली नाही. मी ती लिहून घेतली नाही.

डिग्री या वस्तूबद्दल डोंगरावर एकूणच धास्ती होती. बारावी पास झालो तेव्हा मंडळाने माझा फ्लेक्स लावला होता. फोटोत मी इतका गोरा केला होता की आईने आधी ओळखलं नाही. वडिलांनी पहिल्या वर्षाची मार्कशीट प्लास्टिकमध्ये बंद करून आणली आणि कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवली. कुणी बघायला मागितली तर आई आधी त्यांना हात धुवायला लावायची. काकांनी एकदा ती हातात न घेता, लांबूनच वाचली होती. "ह्या पक्का काय? मागे घेत नाय मां?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "नाय हो काका." ते म्हणाले, "सांबाळ मगे."

नकाशा झाला. गल्ली, नाला, पायऱ्या, शेवग्याचं झाड, दोन संडास, मंडळाची शेड, आणि प्रत्येक दाराला क्रमांक. काकांचा एकोणचाळीस. नकाशा त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत फिरवत आपल्या खोलीवर आणून ठेवलं.

"माझी मोरी खंय?"

"काका, मोऱ्या नाही दाखवत नकाशात."

"मगे कसलो नकाशो! मोरी मी सोता बांदलंय."

मी त्यांच्यासमोर पेन्सिलीने एकोणचाळीसच्या चौकोनात एक छोटा चौकोन काढला. आख्ख्या नकाशात तेवढ्या एकाच घराला मोरी आहे.

राहिली लोकसंख्या. त्यासाठी एक तक्ता करायचा होता. घर क्रमांक, राहणाऱ्यांची संख्या, शेरा. बाकी चाळीस खोल्यांना अडचण आली नाही. एकोणचाळीसपाशी मी अडलो. काकू गेल्यापासून काका शिमग्याला गावी जायचे ते पेरणी, गणपती, कापणी उरकून तुळशीच्या लग्नानंतरच परत यायचे. गावच्या घरात पुतण्या एकटा, शेताला माणूस हवं. म्हणजे वर्षातले आठ महिने ते इथे नसत. मी मॅडमना विचारलं, "असा माणूस कुठला धरायचा?"

"पुस्तकात व्याख्या काय आहे?"

"सहा महिन्यांहून जास्त जिथे राहतो तिथला."

"मग?"

"मग गावचा."

"मग विचारतोस कशाला? येतंय की तुला!"

मॅडमची काहीच चूक नव्हती. व्याख्या बरोबर होती. मी खोली क्रमांक एकोणचाळीससमोर राहणाऱ्यांची संख्या शून्य लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'खोली बंद. धारक वर्षातील बहुतांश काळ गावी वास्तव्यास.' 'वास्तव्यास' हा शब्द मला फार आवडला होता. तोपर्यंत मी तो कधी वापरला नव्हता.

आता ती खोली बंद होती का, हे सांगायला हवं. कोकणात घर बंद करून मुंबईला निघालेली माणसं चावी शेजारी देऊन जातात. शेजारी रोज तिन्हीसांजेला कुलूप काढून देवापुढे दिवा लावतात, दोन मिनिटं थांबतात आणि पुन्हा कुलूप घालतात. दिवा लागतोय तोवर त्या घराला कुणी बंद घर म्हणत नाही. घरातली माणसं बाहेर गेलीत, एवढंच. आमच्या डोंगरावर ही रीत उलटी चालायची. काका मुंबईहून गावी जाताना चावी आईकडे द्यायचे. आई कामावरून आली की पाय धुऊन पहिली त्यांच्याकडे जायची. पावसाळ्यात पाणी कुठून गळतंय ते बघायची, काकूंच्या फोटोवरची धूळ पुसायची, दिवा लावायची. कधी कधी तिथेच बसून राहायची. आमच्या खोलीत आम्ही तिघं. तिला दोन मिनिटं एकटं बसायला तीच जागा होती. हे मी रोज बघत होतो. भिंतीपलीकडे कडीचा आवाज झाला की सात वाजले, असं आमचं घड्याळ होतं. तरी मी 'बंद' लिहिलं.

प्रकल्पाला पैकीच्या पैकी मिळाले नाहीत, पण वर्गात सगळ्यात जास्त मिळाले. मॅडमनी शेवटी लाल शाईने लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी, प्रामाणिक काम.' काकांना मी ते वाचून दाखवलं. दुसऱ्याच आठवड्यात ते शिमग्याला निघाले. नेहमीसारखी दारात उभं राहून चावी दिली. "वैनी, दिवो तेवढो," ते आईला म्हणाले. मला म्हणाले, "येतंय मी. डिग्री गावली की माका फोन कर. पेढे माझे."

ते गेल्यावर डोंगरावर पुनर्विकासाची हवा सुरू झाली. ती अधूनमधून व्हायचीच, या वेळी खरी निघाली. घरोघर पाहणी होणार, पात्र-अपात्रची यादी लागणार, पात्र असेल त्याला इमारतीत घर. गल्ल्या अशा की बाहेरच्या माणसाला एक दार दोनदा सापडेल आणि दुसरं सापडणारच नाही. म्हणून कमिटीचे सेक्रेटरी आमच्याकडे आले.

"काय प्रोफेसर, तू म्हणे नकाशा काढलायस डोंगराचा?"

"एका गल्लीचाच आहे."

"अरे झकास! एवढं कुणी केलंय? दे ना फाइल. झेरॉक्स काढतो आणि देतो. सर्वेवाल्यांना बरं पडेल, आपल्या लोकांचं काम पटकन होईल."

मी फाइल दिली. नकाशाचं पान तेवढं काढून द्यावं असं मनातसुद्धा आलं नाही. उलट पूर्ण फाइल दिली, म्हटलं लाल शाईचा शेराही कुणीतरी वाचेल.

पाहणी आली तेव्हा माझी शेवटच्या सत्राची परीक्षा चालू होती. जे घडलं ते आईने सांगितलं म्हणून माहीत आहे. दोन माणसं आणि सेक्रेटरी असे आले. आमच्या घराचं झालं, अंगठे घेतले, फोटो काढला. मग पुढचं दार.

"इथे कोण?"

"काका आहेत. गावी गेलेत, येतील. कागद आहेत सगळे, खोलीचा सरकारी फोटोपास आहे. थांबा, उघडून दाखवते." आईने कमरेची चावी काढून कुलूप उघडलं. आत भांडी मांडलेली, गादीची गुंडाळी, काकूंचा फोटो, देवापुढे आदल्या दिवशीची काजळलेली वात.

त्या माणसाच्या हातात झेरॉक्सचे कागद होते. ते बघून आईचा चेहरा फुलला. ती म्हणाली, "हा नकाशा माझ्या मुलाने काढलाय."

"हो का? छान काढलाय," तो म्हणाला. मग त्याने पान उलटलं आणि म्हणाला, "पण मावशी, तुमच्याच मुलाने इथे बंद लिहिलंय. माणसं शून्य."

आईने तो कागद हातात घेतला. तिला वाचायला वेळ लागतो, जोडाक्षरावर ती अडते. तिने 'वास्तव्यास' तीनदा वाचलं आणि कागद परत दिला. "मला नाही समजत," ती म्हणाली. "पण दिवा मी लावते रोज." त्याने मान हलवली आणि लिहिलं. तो वाईट माणूस नव्हता. आईकडे त्याने पाणी मागितलं आणि पाणी पिऊन तो पुढच्या दाराकडे गेला.

मी घरी आलो तेव्हा आई भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "तू काय लिहिलं होतंस रे?"

यादी मंडळाच्या शेडच्या भिंतीला लावली. सगळी गल्ली तिथे जमली होती. कुणी आपलं नाव शोधून ओरडत होतं, कुणी दुसऱ्याकडून वाचून घेत होतं. मला वाचता येतं म्हणून चारपाच म्हाताऱ्यांनी मला पुढे ढकललं. मी एकेकाचं वाचत गेलो. पात्र, पात्र, पात्र. एकोणचाळीसपाशी माझं बोट थांबलं. अपात्र. पुढे कारण होतं : 'खोली बंद. धारक वर्षातील बहुतांश काळ गावी वास्तव्यास.' एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "वाच ना रे पुढे, झोपलास काय?" मी पुढचं वाचलं.

काका पेरणी सोडून आले. एक कापडी पिशवी भरून कागद आणले : रेशनकार्ड, वीजबिलं, फोटोपास, आणि गिरणीचा पासबुकाएवढा जुना पास, ज्याचा इथे काही उपयोग नव्हता. आमच्या खोलीत सगळं पसरून बसले. मी अपील लिहून दिलं. लिहिणारा घरात होता, बाहेर कशाला जायचं? माझ्याच हाताने लिहिलं, 'सदर खोलीत माझे सलग वास्तव्य आहे.' काकांनी सही केली आणि विचारलं, "बंद म्हणान सांगल्यान कोणी? वैनी तर हंयच होती."

आईने माझ्याकडे बघितलं. वडील पंख्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काय माहीत काका. त्यांच्याकडे चूक झाली असेल."

हे वाक्य मला लिहायचं नव्हतं. पण बाकी सगळं लिहून हे सोडलं तर मी पुन्हा तोच तक्ता केल्यासारखं होईल.

अपिलाच्या पहिल्या तारखेला मी त्यांच्याबरोबर गेलो. बाकावर बसून चार तास गेले. काका तिथल्या शिपायाशी गप्पा मारत होते, तो वेंगुर्ल्याकडचा निघाला. सुनावणी पुढे ढकलली गेली. बाहेर वडापाव खाताना ते म्हणाले, "गंमत बघ. गावात मोजणीवालो इलो तेवा मी त्येका सांगितलंय, माका लिवू नको, मी मुंबयचो. हंय म्हणतत मी गावचो. मगे मी आसंय खंय?" आणि हसले. मी उरलेला वडापाव कागदात गुंडाळला. प्रकल्पात मी त्यांना इथे शून्य धरलं होतं, गावात त्यांनी स्वतःला धरू दिलं नव्हतं. कुठल्याच तक्त्यात ते नव्हते.

ते लावणीसाठी परत गेले. दुसरी तारीख श्रावणात पडली. मधल्या दिवसांत आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. रोज सात वाजता भिंतीपलीकडे कडी वाजायची आणि मी पुस्तकात डोकं घालायचो. शेवटी एका संध्याकाळी दिवा लावून आल्यावर ती म्हणाली, "तुझ्या तोंडानं सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत." मी कोर्टाजवळ बसणाऱ्या टायपिस्टकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करून घेतलं. माझ्या महाविद्यालयीन प्रकल्पातील खोली क्रमांक एकोणचाळीसबाबतची नोंद चुकीची आहे, सदर खोली बंद नव्हती, असं त्यात होतं. सही केली. मग गावी फोन लावला. तिथे रेंज अंगणातल्या एकाच कोपऱ्यात येते, पुतण्या काकांना तिथे घेऊन आला.

मी सगळं सांगितलं. फाइल, तक्ता, झेरॉक्स, तो शब्द. मधेच दोनदा मला वाटलं फोन कट झाला.

"काका?"

"आसंय. बोल."

"मी लिहिलं होतं ते, काका. मीच."

पलीकडून पावसाचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "आता काय करतलंस?"

"कागद केलाय. माझं लिहिलेलं चुकीचं आहे असा. तारखेला साहेबांना देतो. तुम्ही फक्त या."

"सही केलंस त्येच्यार?"

"केली."

"कॉलेजात कळात?"

"कळलं तर कळू दे. मला काही फरक नाही पडत."

"बरां," ते म्हणाले. मग एकदम दुसराच विषय काढल्यासारखं, "दिवो लावता मां आवस?"

"आई रोज लावते."

"बरां," ते पुन्हा म्हणाले.

तारखेच्या दिवशी मी सकाळी जाऊन बसलो. काका आले नाहीत. दुपारी पुतण्याचा फोन आला, काकांना ताप भरलाय, येऊ शकत नाहीत. नाव पुकारलं तेव्हा मीच उठलो आणि प्रतिज्ञापत्र पुढे केलं.

"आपण कोण? नातेवाईक?"

"शेजारी."

"अधिकारपत्र आहे?"

नव्हतं. त्यांनी कागद न वाचताच परत केला आणि नोंद केली : अपीलदार गैरहजर, अपील निकाली. पुढचं नाव पुकारलं गेलं. मी बाहेर आलो. मला काकांचा राग आला होता. एवढा मोठा दिवस, एक गोळी घेऊन एसटीत बसता आलं नसतं? आणि त्या रागाच्या खाली, खरं सांगायचं तर, हलकंही वाटलं होतं. कागद कुणी वाचला नव्हता. मी केलं ते कुणाच्या दफ्तरी लागलं नव्हतं. जिने उतरताना मी चक्क दोन दोन पायऱ्या उतरलो. प्रतिज्ञापत्र अजून माझ्याकडे आहे, मार्कशीटच्याच घडीखाली.

दिवाळीनंतर डोंगर रिकामा करायला घेतला. पात्र लोकांना भाड्याच्या जागा, आम्ही मुलुंडला गेलो. काकांनी फोनवर सांगितलं, भांडी कुणालाही द्या, काकूंचा फोटो आणि देव तेवढे घेऊन जा. आईने शेवटच्या संध्याकाळी खोली झाडली, मोरी घासली. तोडायच्या खोलीची मोरी तिने घासली, आणि मी तिला थांबवलं नाही. मग दिवा लावला, आणि तो विझेपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. मशीन दुसऱ्या दिवशी आलं.

त्यानंतर काका फोनवर दर वेळी विचारायचे, दिवो लावता मां? आई म्हणायची, लावते. खोटं नव्हतं ते. देव आमच्याकडेच होते, मुलुंडच्या सातव्या मजल्यावर, फ्रिजच्या वर. पण खोली राहिलेली नाही हे तिने कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. ते मुंबईला परत आले नाहीत. तुळशीचं लग्न झालं, शिमगा झाला. माझी डिग्री पोस्टाने आली. मी त्यांना फोन करणार होतो. आज करतो, उद्या करतो, असं करत राहिलो. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. पेढ्यांची आठवण कशी काढणार होतो?

मागच्या रविवारी दुपारी फोन वाजला. पुतण्या होता. तो रत्नागिरीला शिकलाय, माझ्याशी नीट मराठीत बोलतो.

"काका गेले," तो म्हणाला. "मंगळवारी. सगळं उरकलं, म्हणून आता कळवतोय. आईला सांग."

मी आईला सांगितलं. ती फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली. फोन माझ्या कानाला तसाच होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "त्या वेळचा ताप पण त्यांना खूपच होता ना. सुनावणीच्या दिवशी."

"कसला ताप?"

"श्रावणात. तुम्हीच फोन केला होता."

तो म्हणाला, "ताप नव्हता रे. त्या दिवशी ते परसात कुंपण घालत होते. मलाच म्हणाले, फोन करून सांग ताप आलाय म्हणून. मी भांडलो त्यांच्याशी, खोली जाईल म्हटलं. ते म्हणाले, खोली गेली तर जांव दी. त्या झिलान लिवन दिलान की आपला आदीचा लिवलेला खोटा, तर कॉलेजवाले डिग्री काडून घेतले तर? गिरणीत मी बगलंय. डोंगरार तेवडी एकच इली हा."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. तो त्या अंगणातल्या कोपऱ्यातच उभा असणार.

"शेवटपर्यंत विचारत होते," तो म्हणाला. "त्याचा फोन इलो काय म्हणून. मिळाली ना रे डिग्री?"

मी हो म्हटलं.